पेज थांबवायची नाही

(पावसाळ्याआधीच्या शिबिरात संघटनेच्या महिला गटाने केलेलं बोलणं. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. ज्यांना वाचता येतं त्यांनी पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून प्लॉटचं बोलणं चाललंय. पंचनामे, दंडाच्या जुन्या पावत्या, कोणाचं नाव यादीत आलं, कोणाचं राहिलं. ते झालंच पाहिजे. आता आम्हाला तासभर दिलाय. फळ्यावर 'आरोग्य' असं लिहिलेलं बघून चार-पाच भाऊ तंबाखू मळायला बाहेर निघाले होते, त्यांना आम्ही दारातून परत आणलंय. बसा. हे काही फक्त बायांचं बोलणं नाही. पोराला हगवण लागली तर त्याला काय खायला द्यायचं आणि ते कोणी द्यायचं, एवढंच आम्ही बोलणार आहोत.

आठ-पंधरा दिवसांत पाऊस लागेल. राबावर पेरणी होईल, मग महिन्याभरात आवणी. कणगीतलं भात तेव्हा सरत आलेलं असतं, नागली बघून बघून काढावी लागते. झऱ्यात, डवऱ्यात वरचं गढूळ पाणी उतरतं. आणि नेमकं तेव्हाच सगळ्या बाया दिवस उजाडल्यापासून चिखलात वाकलेल्या असतात. पोरांची हगवण येते तीही याच दिवसांत. घरात दाणा नाही, प्यायला चांगलं पाणी नाही आणि घरात आई नाही, या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात येतात.

मागच्या आवणीतली गोष्ट सांगतो. पाड्याचं नाव सांगत नाही, घराचंही नाही. पोरीच्या आईला आम्ही विचारलं, शिबिरात सांगू का? ती म्हणाली, सांगा, पण माझं नाव नको. तेव्हा कोणी मान वळवून इकडेतिकडे शोधू नका.

पोर चौदा महिन्यांची. चालायला लागलेली. सोमवारी तिला ढाळ सुरू झाले, दिवसात सात-आठ वेळा, पाण्यासारखे. आजी म्हणाली, आतडं कच्चं झालंय, दोन दिस पोटाला विसावा द्या. खायला बंद केलं. आई संध्याकाळी भिजून आली तेव्हा शेजारणीने सांगितलं, दिवसभर पाण्यात उभं राहून दूध थंडावतं, ते पोराला बाधतं. अंगावर पाजणंही बंद केलं. पाणी पाजलं तर लगेच शी होत होती, म्हणून पाणीही घोट-घोटावर आणलं. यातलं काहीही त्यांनी पोरीचं वाईट व्हावं म्हणून केलं नाही. आईने आम्हाला नंतर सांगितलं, "तिच्या पोटात दुखू नये म्हणून मी दिला नाय. ती मागत होती."

बुधवारी रात्री आम्ही त्याच घरात होतो. हे आम्ही लपवत नाही, म्हणून तर उभे आहोत. प्लॉटचे अर्ज भरायचे होते, सगळा पाडा ओसरीवर जमला होता. कंदील मध्ये ठेवून आम्ही लिहीत बसलो. आत झोळीत पोर कुरकुरत होती. मग गप झाली. आमच्यातली एक म्हणाली, बरं झालं, झोपली. अकरा वाजता अर्ज पुरे झाले, सगळ्यांचे अंगठे झाले, आम्ही तिथेच आडवे झालो. पहाटे आईचा ओरडा ऐकून उठलो.

त्या रात्री त्या घरात काय काय होतं ते आम्ही नंतर आठवून बघितलं. मडक्यात पाणी होतं. चुलीशेजारी टोपात आमच्यासाठी केलेली भाताची पेज उरली होती. डब्यात मीठ होतं. आणि आमच्या चहासाठी दुकानातून आणलेला गूळ कागदात बांधून फळीवर होता. पोर वाचायला जे लागतं ते सगळं झोळीपासून चार हातांवर होतं. ते आजीला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं, आमच्यातल्या दोघींनी तर त्याचं शिक्षण घेतलेलं आहे, पण आम्ही कागदांत डोकं घालून बसलो होतो आणि पोर का कुरकुरते म्हणून उठून बघितलं नाही.

म्हणून आधी हे बोलू, मग प्लॉट.

पोराला हगवण लागल्यावर आई खाणं का थांबवते? शहरातून आलेले लोक म्हणतात, अडाणी आहेत. आम्ही तसं म्हणत नाही. आईने डोळ्यांनी बघितलेलं असतं की घास पोटात गेला की पोर लगेच शी करतं. हे बघणं खरं आहे. फक्त त्याचा अर्थ वेगळा आहे. पोट भरू लागलं की आतडं हलतं आणि खाली जे आधीचं साठलेलं असतं ते बाहेर पडतं. निरोगी तान्हं बाळसुद्धा पिता पिता शी करतं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आत्ता दिलेला घास आत्ता बाहेर आला असं होत नाही. हगवण चालू असतानाही खाल्लेल्या अन्नातलं निम्म्याहून जास्त अंगी लागतं. बंद केलं तर काहीच लागत नाही, आणि आतडं जे झिजलेलं असतं ते भरून यायलाही अन्नच लागतं. उपाशी आतडं विसावत नाही, ते आणखी कमजोर होतं.

मग पोर मरतं कशाने? सुकून. लहान पोराच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आठ किलोचं पोर धरा. त्याच्या अंगातलं आठशे ग्रॅम पाणी गेलं की जीव धोक्यात येतो. आठशे ग्रॅम म्हणजे एक लिटरचा तांब्यासुद्धा भरत नाही. पाण्यासारखे ढाळ आणि वर ओकाऱ्या असल्या तर तेवढं पाणी एका दिवसात जाऊ शकतं. पाण्याबरोबर अंगातलं मीठही जातं. टाळू खोल जाते ती यामुळेच. टाळू बसली म्हणून आपण वरून तेल थापतो. थापा, त्याने काही बिघडत नाही. पण टाळू वर येते ती आतून पाणी भरल्यावर.

आता कोणी म्हणेल, पाणी देतो तर ते तसंच खाली जातं. नुसतं पाणी पुष्कळसं जातं, हे बरोबर आहे. पण पाण्यात थोडं मीठ आणि थोडं गोड, किंवा भाताचं पीठ, असं दोन्ही एकत्र असलं की आतडं ते पाणी ओढून घेतं. हगवण चालू असतानाही ओढतं. नुसतं मीठ चालत नाही, नुसती साखरही चालत नाही. दोघांची जोडी लागते. ही गोष्ट डॉक्टर लोकांनाही फार उशिरा कळली.

ते कसं सिद्ध झालं ते ऐका, कारण ती आपल्यासारख्याच माणसांची गोष्ट आहे. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत लाखो माणसं जीव घेऊन बंगालमध्ये आली. बनगावला छावणी पडली होती. चिखल, पाऊस, माणसावर माणूस, त्यात पटकीची साथ. शंभर आजाऱ्यांतली तीस माणसं मरत होती. तिथे डॉ. दिलीप महालनोबिस नावाचे डॉक्टर होते. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, टोचायला हातही पुरेनात. तेव्हा त्यांनी मीठ, सोडा आणि साखरेच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपात पाण्यात कालवल्या, पिंपाला नळ लावला आणि आजाऱ्यांच्या आयांना, बहिणींना, नवऱ्यांना सांगितलं, पेला भरून घ्या आणि पाजत राहा. मरणारी माणसं शंभरात तिसावरून चारच्याही खाली आली. पाजणारी बहुतेक माणसं अंगठेबहाद्दर होती. टोचणारा डॉक्टर एकाला एका वेळी बघतो, पण पाजणारी आई प्रत्येक आजाऱ्याशेजारी बसलेलीच होती.

पुढे त्याच बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत घरोघर बाया पाठवल्या. बाई एका घरात जायची, आईच्या हातूनच मीठ-गुळाचं पाणी करून घ्यायची, चव घ्यायला लावायची. आणि त्यांची एक रीत आम्हाला फार आवडली. शिकवणाऱ्या बाईचा पगार किती घरं केली यावर नव्हता. महिन्याभराने दुसरं माणूस जाऊन आयांना विचारायचं, किती लक्षात राहिलं? जेवढं आईच्या लक्षात, तेवढे बाईला पैसे. आपल्याकडे शिबिरं घेणाऱ्यांनाही हा नियम लावला पाहिजे. आम्हालासुद्धा.

तर आता माप सांगतो.

अर्धा लिटर पाणी घ्या, म्हणजे स्टीलचे अडीच पेले. तांब्याने मोजू नका, कोणाचा तांब्या लहान, कोणाचा मोठा. पाणी उकळून गार केलेलं असलं तर उत्तम. सरपण ओलं आहे, उकळायला जमत नाही, तर घरातलं त्यातल्या त्यात चांगलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घ्या, पण पाणी उकळलं नाही म्हणून पाजायचं थांबू नका. त्यात बारीक केलेलं मीठ, तीन बोटांच्या टोकांत येईल तेवढी एक चिमूट. खडे मीठ असेल तर आधी वाटून घ्या. चार बोटांच्या ओंजळीत मावेल तेवढा चुरलेला गूळ. ढवळून आधी स्वतः चव घ्यायची. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि दुसरं करा. मीठ जास्त झालं तर पोराला अपाय होतो, यात अंदाज नको. चमचा असेल त्यांनी असं लक्षात ठेवा, एका लिटरला चहाचा चमचा सपाट करून अर्धा चमचा मीठ आणि सहा चमचे साखर. आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची पुडी फुकट मिळते, ती मिळाली तर फारच चांगलं. एका लिटरची पुडी एका लिटरमध्येच संपूर्ण टाकायची. अर्धी आज, अर्धी उद्या असं नाही.

गूळही नाही, साखरही नाही, असे दिवस आषाढात येतात. तेव्हा पेज. भात नाहीतर कणी मऊ शिजवून, घोटून, पातळ करून त्यात तशीच मिठाची चिमूट. नागलीची आंबील मीठ घालून तीही चालते. हे औषध आपल्या म्हाताऱ्यांनी कुठल्या छावणीत शिकलेलं नव्हतं, आजारी माणसाला पेज देणं आपल्याकडे पहिल्यापासून आहे. मोठ्या माणसाला आपण देतो आणि लहान पोराचं मात्र बंद करतो, हे मध्येच कुठून शिरलं कोण जाणे. एक लक्षात ठेवा, पेज पाच-सहा तासांत बिघडते. सकाळची रात्री देऊ नका, ताजी करा. मीठ-गुळाचं पाणीसुद्धा झाकून ठेवायचं आणि दिवस उलटला की टाकून द्यायचं.

पाजायचं कसं, यातच सगळी मेख आहे. पेला तोंडाला लावून गटागटा पाजलं तर पोर ओकणार, आणि मग आई म्हणणार, बघा, ठरतच नाय. चमच्याने द्यायचं. चमचा नसेल तर शिंपल्याने, नाहीतर स्वच्छ फडक्याचा बोळा भिजवून. एक चमचा, मिनिटभर थांबा, परत एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू, आणखी हळू. दर ढाळेनंतर दोन वर्षांच्या आतल्या पोराला पाव ते अर्धा पेला, मोठ्याला अर्धा ते एक पेला एवढं गेलं पाहिजे. मधल्या वेळात मागेल तेवढं. दुधाच्या बाटलीने कधीच नाही. ती बाटली धुऊन निघत नाही, हगवण पुष्कळदा तिच्यातूनच येते.

अंगावरचं दूध एका वेळेलाही बंद करायचं नाही. आईचं दूध पावसाने थंडावत नाही आणि उन्हाने तापतही नाही. आई चिखलातून आली तर हात धुवावेत, छाती पुसावी, चुलीपाशी बसावं आणि पाजावं. रोज चार वेळा पाजत असेल तर आजारात आठ वेळा. आणि पोराला हगवण लागली म्हणून आईचंही जेवण तोडतात, डाळ नको, मासळी नको. हे बंद करा. ती दिवसभर आवणी करते आणि रात्री नुसत्या भाकरीवर पाजते, मग दूध येणार कुठून?

जे पोर वरचं खायला लागलंय त्याला खायलाही द्यायचं, पहिल्या दिवसापासून. चार-सहा तास नुसतं मिठा-गुळाचं पाणी दिलं आणि पोर जरा हुशार झालं की मऊ भात आणि डाळ कालवून, नागलीची खीर, कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडं. सुकट भाजून कुटून तिची चिमूट भातात घातली तर पोर आवडीने खातं. वर थोडं गोडं तेल. दोन घास खाऊन तोंड फिरवेल, फिरवू द्या, दोन तासांनी परत द्या. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. आजारी पोराला भूक नसते, म्हणून मांडीवर घेऊन, गोष्टी सांगून भरवावं लागतं. यात वेळ जातो, त्याचं पुढे बोलणार आहोत.

नागलीची एक युक्ती सांगतो. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून दळून पीठ डब्यात ठेवायचं. नेहमीची घट्ट खीर शिजली की खाली उतरवून, जरा निवली की या पिठाचा एक चमचा त्यात ढवळायचा. बघता बघता खीर सैल होते. पाणी घालून पातळ केलं तर पोराच्या पोटात नुसतं पाणी जातं. मोडाच्या पिठाने सैल केली तर दाणा तेवढाच राहतो आणि गिळायला सोपं होतं. सैल झाली की एक उकळी परत द्यायची. हे पीठ पाऊस लागायच्या आधी, ऊन आहे तोवर करून ठेवा. आत्ताच. वाळवायला पुढे ऊन मिळणार नाही.

आणि हगवण थांबली की काम संपलं असं समजू नका. पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. इथेच आपण चुकतो. पोर खेळायला लागलं की आपण विसरतो. पण आठ दिवसांच्या आजारात ते वाळलेलं असतं. महिन्याभरात पुन्हा हगवण, पुन्हा दोन दिवस उपास, आणखी वाळतं. मग भाद्रपदात खोकला येतो नाहीतर गोवर येतो, आणि आपण म्हणतो गोवराने गेलं. १९९२ साली आपल्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला पोरं गेली तेव्हा पेपरवाले गाड्या घेऊन आले, तेव्हापासून 'कुपोषण' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. तो शब्द एका दिवसात होत नाही. एकेका हगवणीने, एकेका उपासाने होतो. घरात दाणा नसला तर खाणं चालू ठेवा असं सांगून काय उपयोग, हे आम्हालाही कळतं. म्हणून तर जमिनीची लढाई आहे. पण त्या बुधवारी त्या घरात पेज होती, हेही आम्हाला विसरता येत नाही.

आता पैशाचं. आपल्यातल्याच एका भावाने पोराला हगवण लागली म्हणून तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. पोर पीत होतं, रडत होतं, डोळ्यात पाणी होतं. तरी दोन बाटल्या सलाईन लावली, इंजेक्शनं दिली. त्यासाठी भावाने दुकानदाराकडून पैसे घेतले, येणाऱ्या भातावर. दिवाळीला खळ्यावरून भात थेट दुकानदाराच्या गाडीत गेलं. ज्या प्लॉटसाठी तो लाठ्या खाऊन जेलात गेला होता, त्या प्लॉटचं भात. सलाईनची रिकामी बाटली त्याच्या घरी रॉकेल ठेवायला आहे, आम्ही बघितली. त्या बाटलीत काय होतं? पाणी, मीठ, साखर. जे पोर पिऊ शकतं त्याला ते तोंडाने देता येतं. हगवण बांधायच्या गोळ्याही देऊ नका, लहान पोराला त्या घातक आहेत. पोटावर डाग देऊ नका, सुकलेल्या पोराला वर जखम कशाला? भगताकडे जायचं असेल त्यांनी जावं, आम्ही अडवत नाही. पण भगताचं चाललेलं असताना एकीने चमचा चालू ठेवायचा. आमच्या ओळखीचे एक भगत आता स्वतःच सांगतात, आधी पेज करून आणा, मग बसतो. ते चांगलं करतात.

पण सलाईन कधीच लागत नाही असं नाही. पोर पिऊच शकत नाही, झोपेतून उठत नाही, अंगाचा गोळा सैल पडलाय. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसत नाही, घडी तशीच राहते. सहा तासांत लघवी नाही. सारखं ओकतंय, काहीच ठरत नाही. शीमध्ये रक्त पडतंय, नाहीतर जोराचा ताप आहे. यातलं एक जरी दिसलं तरी अर्ज, मीटिंग, आवणी, सगळं जागेवर टाकून आरोग्य केंद्रात न्यायचं. रात्र असली तरी. आणि वाटेवर चमचा चालू ठेवायचा. डोंगर उतरायला तीन तास लागतात, तेवढ्यात पोर सुकतं. जे पोर आधीच हाडकुळं आहे त्याच्या कातडीवर विसंबू नका, त्याला लवकर न्या. पोर झोपलंय का गप पडलंय, हे हात लावून बघा. आम्ही बघितलं नाही.

आता भावांनो, तुमच्याकडे वळतो. मिनिटाला एक चमचा, दोन तासांनी घास, दिवसभर. हे कोण करणार? आई आवणीला गेली नाही तर तिची मजुरी बुडते, किंवा स्वतःचा राब वाळतो. आजी आहे, पण तिच्यामागे आणखी तीन पोरं आहेत. मोठी बहीण आठ वर्षांची, तिने काय करावं? प्लॉटची तारीख असली की तुम्ही चौघे जण दिवस मोडून तहसीलला जाता, दिवसभर उभे राहून पुढची तारीख घेऊन येता, आणि कोणी म्हणत नाही दिवस फुकट गेला. पोराशेजारी एक दिवस बसलात तर तो का फुकट जातो? चमचा धरायला काही बाईचाच हात लागत नाही. बनगावला नवऱ्यांनीही पाजलं होतं.

काल रात्री बायांनी बसून ठरवलंय ते सांगतो. आवणी आपण आळीपाळीने एकमेकींच्या शेतात करतोच. या वर्षी दर पाड्यावर रोज एक जण मागे राहील, बाई किंवा बाप्या. त्याच्या वाटणीची आवणी बाकीच्यांनी करायची. पाड्यातली सगळी लहान पोरं त्याच्याकडे, आणि चुलीवर पेजेचा टोप. कोणाचं पोर आजारी असेल तर तिथे दोघे राहतील. रोजगार हमीच्या कामावर पोरं सांभाळायला बाई, सावली आणि प्यायचं पाणी हे द्यायलाच पाहिजे असं ठरलेलं आहे. ते मिळत नसेल तर दिवाळीनंतर कामं निघतील तेव्हा आधी तेच मागायचं, कुदळ नंतर उचलायची. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनी मीठ आणि मोडाचं पीठ बरोबर बांधून न्यावं, थंडीतही पोरांना ढाळ लागतात आणि भट्टीवर आजी नसते.

विहिरीचंही घेतलंय. जंगलखात्याच्या जमिनीत विहीर करायची तर पूर्वी १९८० च्या कायद्याने दिल्लीपर्यंत परवानगी लागायची म्हणत. आम्ही मात्र अजून डवऱ्याचंच पाणी पितो. हा मुद्दा पुढच्या मोर्चाच्या निवेदनात प्लॉटच्या खालोखाल दोन नंबरला घातला आहे. एक नंबरला घाला असं काही बायांचं म्हणणं होतं, त्यावर अजून वाद चालू आहे.

आणि आमच्यासाठी एक नियम. यापुढे कार्यकर्ता कुठल्याही घरात कागद उघडण्याआधी घरातली पोरं बघेल. कोण आजारी आहे विचारेल. न विचारता वही उघडली तर घरातल्या म्हातारीने वही ओढून घ्यावी, आम्हाला राग येणार नाही.

बाहेर दोन चुली पेटवल्यात. एकीवर कणी शिजते आहे, दुसरीवर पाणी उकळून गार करायला उतरवलंय. मीठ, गूळ ठेवलाय. दहा-दहाच्या गटाने या. प्रत्येकाने आपल्या बोटांनी चिमूट घ्यायची, प्रत्येकाने चव घ्यायची. भावांनी आधी या, तंबाखूचे हात धुऊन.